बटरफ्लाय सोर्डची जोडी: आधी हात मोजा, मग ऑर्डर द्या

दर दोन-तीन महिन्यांनी आमच्या कुंग फूच्या वर्गात कुणीतरी लांबट खोकं काखेत मारून येतं. आनंद चेहऱ्यावर मावत नसतो. खोकं उघडतं, चकचकीत जोडी बाहेर येते आणि पाचव्या मिनिटाला गडबड कळते. पातं उलटं फिरवल्यावर टोक कोपराच्या मागे चार बोटं बाहेर येतंय, नाहीतर कमानीत तीनच बोटं मावतायत, नाहीतर एक तलवार दुसरीपेक्षा हाताला चांगलीच जड लागतेय. मग परत करायचा प्रयत्न, आणि उत्तर ठरलेलं: "या वस्तूवर रिटर्न नाही."

बहुतेकांचा क्रम असा असतो: आधी ऑर्डर, मग सिफूंना (म्हणजे गुरूंना) विचारणं, सगळ्यात शेवटी मोजमाप. खाली तो क्रम उलटा दिला आहे. लेख आहे दक्षिण चीनच्या, म्हणजे मुख्यतः ग्वांगडाँगकडच्या शैलींतल्या आखूड जोडतलवारींबद्दल, म्हणजेच बटरफ्लाय सोर्डबद्दल. विंग चुन, हुंग गार, चॉय ली फुट शिकणाऱ्यांना ती लागते.

लेखात वारंवार येणारे शब्द आधी ठरवून घेऊ. पातं एकाच बाजूला धारेचं असतं. धारेसमोरची जाड कड म्हणजे पाठ. बोटांवरून जाणारी, इंग्रजी डी अक्षरासारखी पट्टी म्हणजे कमान. मुठीच्या वर, पाठीच्या बाजूला टोकाकडे वळलेला हूक म्हणजे आकडा. आणि पात्याचा मुठीच्या आत शिरणारा भाग म्हणजे शेपटी.

## टप्पा १: नेमकी कोणती जोडी हवी, ते नावासकट ठरवा

"शॉर्ट डबल सोर्ड" असं शोधलंत तर तीन-चार वेगळी हत्यारं एकाच पानावर दिसतात आणि फोटोत सगळी सारख्याच लांबीची वाटतात.

चिनी भाषेत एका धारेच्या पात्याला दाओ म्हणतात (कँटोनीज उच्चार दो) आणि दोन्ही बाजूंनी धार असलेल्याला जियान. आपली जोडी दाओ आहे. विंग चुनमध्ये तिला बाट जाम दो म्हणतात, म्हणजे आठ छेदांची पाती. इतर दक्षिणी शैलींत वू दीप स्युंग दो, म्हणजे फुलपाखरी जोडपाती, हे नाव चालतं. हुंग गारवाले जी मो स्युंग दो, म्हणजे माय-लेकाची जोडी, असंही म्हणतात. घडण साधारण तीच: आखूड पातं, कमान, आकडा.

उत्तरेकडच्या शैलींतली शुआंग दाओ ही लांब, वक्र पात्यांची जोडी असते. तिला अशी कमान नसते आणि ती मनगटावर उलटी बसत नाही. जोडखंजीर हे आणखी वेगळं प्रकरण.

थांबा: शोधताना "बटरफ्लाय नाइफ" टाकू नका. त्या नावाने मिळतो तो फिलिपिन्सचा दुमडता चाकू, बालिसाँग. नावातल्या फुलपाखरापलीकडे त्याचा आणि आपल्या जोडीचा काही संबंध नाही, आणि तो मागवून अडचणीत येणारे कमी नाहीत.

## टप्पा २: सिफूंना चार प्रश्न विचारा

"कोणती घेऊ?" असं मोघम विचारलं की उत्तरही मोघमच येतं. त्यापेक्षा हे विचारा:

१. आपल्या घराण्याच्या फॉर्ममध्ये (म्हणजे हालचालींच्या ठरलेल्या मालिकेत) पातं उलटं फिरवतात का, आणि किती वेळा? हुंग गारच्या फॉर्ममध्ये ही उलटापालट आहेच. विंग चुनमध्ये शाखेनुसार फरक पडतो.

२. पातं रुंद, पोटाशी भरलेलं हवं की अरुंद, सरळ, टोकदार? रुंद पातं तोडायला, अरुंद भोसकायला. दोन्हींचा तोल वेगळा, त्यामुळे फॉर्मचा वेगही वेगळा.

३. दोन्ही एकाच म्यानातून काढायच्या आहेत का? या एका उत्तरावर मुठीचा आकार ठरतो. टप्पा ६ मध्ये पाहू.

४. मी आत्ता घेऊ का?

चौथा प्रश्न सहसा कुणी विचारत नाही, कारण उत्तर "नाही" येईल अशी धास्ती असते. विंग चुनमध्ये नामवंत गुरू इप मान यांच्या परंपरेत सिउ निम ताव, चम किउ, बिउ जी हे हाताचे फॉर्म, मग लाकडी पुतळा, मग लांब दांडा, आणि ही पाती अगदी शेवटी. त्यामागे व्यवहार आहे. पातं हा हाताचाच पुढचा भाग धरला जातो, त्यामुळे हाताची रेघ वाकडी असेल तर ती वाकडी रेघ आता एक फूट लांब होते. चम किउ अजून डळमळीत असेल तर लाकडी जोडीपुढे जायची गरज नाही. पैसेही वाचतात.

## टप्पा ३: पुठ्ठ्याची जोडी कापा

याला अर्धा तास लागतो. लोक नेमका हाच अर्धा तास वाचवतात.

लागेल काय: फ्रिजच्या नाहीतर टीव्हीच्या खोक्याचा जाड पुठ्ठा, फेविकॉल, कटर, पट्टी, पेन. पुठ्ठ्याचे तीन थर चिकटवून वर पुस्तकांची चळत ठेवा आणि रात्रभर वाळू द्या. एकेरी पुठ्ठा मुठीशी वाकतो आणि सगळं माप फसतं.

आता हात मोजा. मूठ वळा, कोपर काटकोनात. अंगठा-तर्जनीच्या बेचक्यापासून कोपराच्या टोकापर्यंतचं अंतर पट्टीने घ्या आणि लिहून ठेवा. दोन्ही हातांचं घ्या, थोडा फरक निघू शकतो. मग चार बोटं जुळवून तळव्याची रुंदी घ्या, अंगठा सोडून.

पुठ्ठ्यावर आकृती काढताना पात्याची लांबी बेचक्यापासून कोपरापर्यंतच्या अंतराएवढीच धरा. मुठीची आतली लांबी म्हणजे तळव्याची रुंदी अधिक एक ते दीड सेंटिमीटर. कमान आणि आकडा काढायला विसरू नका. नुसती पट्टी कापून केलेली चाचणी कामाची नाही, कारण पातं उलटं होतं ते आकड्याभोवतीच.

दोन्ही कापा. एकाच हाताची चाचणी करून चालत नाही, कारण दोन पात्यांची आपसात टक्कर हाच अर्धा प्रश्न आहे.

आता उलटी पकड घेऊन पाहा. सरळ पकडीत पातं मुठीतून पुढे आलेलं असतं. अंगठा वर सरकवून आकड्याच्या बेचक्यात टेकवा, बाकीची बोटं क्षणभर सैल सोडा आणि मनगट फिरवा. पातं गोल फिरून हाताच्या बाहेरच्या अंगाला येतं, पाठ हाताला चिकटते, धारेची बाजू बाहेर राहते. बोटं परत आवळा. याच स्थितीत चार गोष्टी बघायच्या:

- कोपर काटकोनात असताना टोक कोपराच्या टोकाशी येतंय का? फार तर एक बोट पुढे चालेल. कोपराच्या अलीकडेच संपत असेल तर हात पुरता झाकला जात नाही.
- हात खाली सोडून कंबर डावी-उजवीकडे वळवा. टोक बरगडीला किंवा कमरेला लागतंय का?
- दोन्ही हात छातीसमोर आडवे एकमेकांवर आणा. एका पात्याचं टोक दुसऱ्या दंडाला टोचतंय का?
- सरळ पकडीत हात कोपरातून हलवून आठाचा आकडा काढा. टोक जमिनीकडे जाताना गुडघ्याला लागत नाही ना?

लागत असेल तर कटर घ्या आणि टोकाकडून अर्धा-अर्धा सेंटिमीटर कमी करत जा. जिथे चारही चाचण्या पास होतात ते तुमचं माप. ते पुठ्ठ्यावरच पेनाने लिहा. माझी पहिली पोलादी जोडी मी फोटो बघून मागवली होती. पातं ३८ सेंटिमीटर. पहिल्याच आठवड्यात उलट्या पकडीत वळताना डाव्या बरगडीखाली हिरवं-निळं वळ उठलं आणि ते जायला पंधरा दिवस लागले. धार नव्हती म्हणून निभावलं. पुठ्ठा कापल्यावर कळलं की माझं माप ३३ आहे.

बाजारात मोठ्यांसाठीची पाती साधारण २८ ते ३५ सेंटिमीटरच्या दरम्यान मिळतात. तुमचं माप याच्या फार बाहेर जात असेल तर आधी मोजणीच पुन्हा करा.

तपासा: पुठ्ठ्याची जोडी सिफूंना दाखवा आणि तिच्यावर फॉर्मचा पहिला भाग करून दाखवा. लोक हसतील. हसू द्या.

## टप्पा ४: कायद्याचं आधी, धातूचं नंतर

हा टप्पा मधेच का, तर याच्या उत्तरावर पुढचं साहित्य ठरतं.

शस्त्र अधिनियम १९५९ खालच्या शस्त्र नियम २०१६ च्या पहिल्या अनुसूचीत तलवारी, खंजीर आणि ९ इंचांपेक्षा लांब किंवा २ इंचांपेक्षा रुंद पात्याची हत्यारं येतात. घरगुती, शेतीच्या, शास्त्रीय किंवा औद्योगिक कामासाठीची पाती त्यातून वगळली आहेत. ९ इंच म्हणजे २३ सेंटिमीटरच्या आतच. आपल्या जोडीचं कुठलंही खऱ्या मापाचं पोलादी पातं त्याच्या पुढे जातं. वर्तमानपत्रात "भारतीय हत्यार कायदा कलम ४, २५ अन्वये गुन्हा दाखल" असं वाचता, ते याच कायद्यातलं. शिवाय सणासुदीला, निवडणुकांच्या तोंडावर महाराष्ट्र पोलीस अधिनियमाच्या कलम ३७(१) खाली मनाई आदेश निघतात. तेव्हा तलवारी-भालेच काय, लाठ्या-काठ्या घेऊन फिरायलाही बंदी असते.

"धार नाही, सरावाची आहे" हे घरी समजावून सांगणं सोपं. रात्री नाकाबंदीत बॅग उघडली की समोरच्या हवालदाराला धार बोटाने तपासत बसायची गरज वाटत नाही.

तेव्हा व्यवहार असा:

१. पोलादी जोडी घ्यायची असेल तर आधी सिफूंशी आणि जवळच्या पोलीस ठाण्यात बोलून घ्या. संकेतस्थळ विकतंय म्हणजे घरी ठेवायला चालतंच, असं धरून चालू नका.

२. ने-आण करायची असेल तर लाकडी किंवा प्लास्टिकची जोडीच ठेवा. तीही बंद पिशवीत, हातात मिरवत नाही.

३. विमानात हातसामानात यातलं काहीच नको, लाकडीसुद्धा.

पोलादाशिवायही हा सराव वर्षानुवर्षं नीट चालतो. पुढचं वाचताना हे लक्षात ठेवा.

## टप्पा ५: साहित्य आणि वजन

लाकूड. सुरुवातीला हेच. गल्लीतल्या सुताराकडून करून घेता येतं, पण एक खाच आहे. अखंड फळीतून कमानीसकट आकार कापला की कमानीच्या वळणावर लाकडाचे रेषे आडवे तुटतात आणि पहिल्याच टकरीत कमान तिथे मोडते. सागवान असो की शिसव, गत तीच. उपाय दोन. एकतर कमान वेगळ्या तुकड्याची करून स्क्रू आणि फेविकॉलने बसवायची, नाहीतर सरळ १८ मिलिमीटर मरीन प्लायवूड वापरायचं. प्लायमध्ये थरांचे रेषे आलटून-पालटून आडवे-उभे असतात, म्हणून वळण टिकतं. दिसायला ओबडधोबड, कडा मात्र पॉलिशपेपरने पुरत्या गोल करा, कुसळं बोटात जातात. सुताराला आकृती सांगू नका, पुठ्ठाच द्या.

पॉलिप्रॉपिलीन. दोघांच्या सरावाला उत्तम. तुटत नाही, गंजत नाही, पावसात चिंता नाही. तोटा असा की साचा एकच असतो, त्यामुळे लांबी तुमच्या मापाची मिळेलच असं नाही. लहान मुलांना दुसरं काही देऊ नका.

ॲल्युमिनियम. एकट्याने फॉर्म करायला चांगलं. टकरीत कडेला खाचा पडतात आणि त्या खाचांची कुसळं करवतीसारखी बोचरी असतात. दर वेळी कानशीने घासून काढावी लागतात.

पोलाद. दोन टोकं आहेत. एक, भिंतीवर टांगायचं शोभेचं स्टेनलेस: चमकतं छान, पण शेपटी बारीक सळईसारखी आणि पात्याला वेल्डिंगने जोडलेली. दोन, स्प्रिंग स्टील, ट्रकच्या पाट्याला वापरतात त्या जातीचं. ते वाकून परत सरळ होतं, पण गंजतं. फिरवायला पोलाद घेणारच असाल तर दुसरंच. तिसराही प्रकार दिसतो: स्पर्धेतल्या वुशूसाठीचा पातळ पत्रा. तो हलवला की खळखळ वाजतो, कारण प्रदर्शनात तो आवाज हवा असतो. आपल्या शैलीतल्या आडव्या अडवणुकीला तो उपयोगाचा नाही.

आता वजन. विक्रेता "हलकी" किंवा "दमदार" म्हणतो, त्यावर जाऊ नका, गणित करा. समजा पातं ३२ सेंटिमीटर लांब, ४.५ रुंद, ४ मिलिमीटर जाड. घनफळ ३२ × ४.५ × ०.४ म्हणजे ५७.६ घन सेंटिमीटर. पोलादाची घनता ७.८५, म्हणून नुसतं पातं ४५० ग्रॅम. धारेच्या उताराने आणि टोकाकडच्या पातळपणाने त्यातले काही कमी होतील, मूठ-कमानीचे दीड-दोनशे वाढतील. म्हणजे एक तलवार साधारण ५५० ग्रॅमच्या आसपास. तेच पातं ॲल्युमिनियममध्ये (घनता २.७) जेमतेम १५५ ग्रॅम. म्हणून ॲल्युमिनियमची जोडी ६ मिलिमीटर जाड घ्यावी, म्हणजे पातं २३० ग्रॅमवर जातं आणि हाताला काहीतरी आहे असं वाटतं.

विक्रेत्याने सांगितलेलं वजन या हिशेबाशी अजिबात जुळत नसेल, तर जाडी किंवा वजन यातलं एक खोटं आहे.

तुमच्या मनगटाला किती झेपतं? अर्धा लिटरची पाण्याची भरलेली बाटली मानेला धरा आणि मनगटातून आडवा आठाचा आकडा वीस वेळा काढा. मग डाव्या हाताने. आपल्याकडे दांडपट्टा खेळलेले लोक इथे हमखास फसतात. पट्ट्यात हात लोखंडी खोबळ्यात अडकलेला असतो, मनगट वळतच नाही, फिरवायचं काम कोपर आणि खांदा करतात. या जोडीत सगळा भार मनगटावर. डावा हात पंधराच्या आत थकला तर ५०० ग्रॅमच्या वरची जोडी तूर्त नको.

थांबा: "जड घेतली की ताकद येईल" ही सगळ्यात महागडी समजूत. ताकद यायच्या आधी कोपराच्या बाहेरच्या बाजूची दुखी येते, आणि ती आली की पाती सोडा, भरलेली बादलीही उचलवत नाही.

## टप्पा ६: मूठ, कमान, आकडा

लोक पातं बघून जोडी पसंत करतात. हात मात्र दिवसभर मुठीवर असतो.

मुठीचा छेद. परंपरागत जोडी एकाच म्यानात बसते. त्यासाठी दोन्ही मुठी आतल्या बाजूने सपाट आणि बाहेरून गोल असतात, दोन अर्धगोल मिळून एक. म्हणजे डावी वेगळी, उजवी वेगळी. सिफूंनी एकाच म्यानातून काढायला सांगितलं असेल तर अशीच घ्या. नसेल तर लंबगोल मुठीच्या, दोन वेगळ्या म्यानांच्या घ्या. सपाट मूठ घामेजल्या हातात फिरते. पूर्ण गोल मूठ टाळा, ती हातात असताना धार कुठल्या बाजूला आहे हे बोटांना कळत नाही.

मुठीची लांबी. चार बोटं बसून एक-दीड सेंटिमीटर उरावं. फार लांब असेल तर हात खाली सरकतो, आणि पातं उलटं करताना अंगठ्याला आकडा सापडत नाही. अंगठ्याने हवेत चाचपडणं सुरू झालं की तलवार पायावर पडते.

कमानीची पोकळी. मूठ घट्ट धरल्यावर बोटांची पेरं आणि कमान यांच्यात करंगळी आडवी जाईल एवढी जागा हवी. त्याहून कमी असेल तर बोटं उघडताच येत नाहीत आणि उलटताना पेरं सोलवटतात. जास्त असेल तर अडवताना झटका कमानीवरून बोटांवर येतो. हातमोजे घालून सराव करत असाल तर मोजे घालूनच बघा.

आकडा. याची दोन कामं: समोरच्याचं हत्यार, विशेषतः दांडा, अडकवणं, आणि उलटताना अंगठ्याला आधार देणं. अंगठा आत टेकण्याएवढी फट हवी, कडा गोल हव्यात. ओतीव पितळेचा बारीक आकडा टकरीत तडकतो. कमान आणि आकडा एकाच जाड पट्टीचे असतील तर उत्तम.

तोल. सरळ बोटावर पातं आडवं ठेवून पाहा. कमानीच्या पुढे दोन ते तीन पेरांवर तोल साधला तर ठीक. त्याहून पुढे असेल तर पातं टोकाकडे ओढतं. एकसारख्या जाडीच्या पट्टीतून कापलेल्या पात्यांचं हेच होतं. चांगल्या पात्याची पाठ मुठीशी जाड आणि टोकाकडे पातळ होत जाते. विक्रेत्याकडे पाठीच्या बाजूने काढलेला फोटो मागा, त्यात ते लगेच दिसतं.

## टप्पा ७: ऑर्डरच्या आधी लेखी विचारा

फोनवर नाही, लिहून. उत्तरं जपून ठेवा.

- नुसत्या पात्याची लांबी किती? जाहिरातीत सहसा मुठीसकट एकूण लांबी असते, तीही इंचात. १८ इंची जोडीचं पातं १२ इंचांचं असू शकतं. निम्म्या चुका इथेच होतात.
- पाठीची जाडी मुठीशी किती, टोकाशी किती?
- प्रत्येकी वजन किती? दोन्हींचं मिळून सांगितलेलं नको.
- शेपटी मुठीच्या शेवटापर्यंत जाते का, आणि शेवटी ठोकून बसवली आहे की नटाने?
- धार काढलेली नाही ना? कड निदान दीड-दोन मिलिमीटर जाड हवी आणि टोक रुपयाच्या नाण्याच्या कडेएवढं गोल.
- बदलून देणार का, किती दिवसांत?

शेपटीच्या प्रश्नाला "फुल क्वालिटी" असं उत्तर आलं, तर पुढचा विक्रेता शोधा.

## टप्पा ८: पार्सल आल्यावर, फिरवण्याआधी

खोकं उघडताना मोबाइलवर व्हिडिओ काढा. मग याच क्रमाने:

१. स्वयंपाकघरातल्या काट्यावर दोन्ही वेगवेगळ्या वजन करा. १५-२० ग्रॅमचा फरक चालेल. ५० असेल तर परत पाठवा. दोन हातांचा वेग जुळणार नाही आणि दोष तुम्ही स्वतःच्या डाव्या हातालाच देत बसाल.

२. पाठीला पाठ लावून दोन्ही जुळवा. टोकं, आकडे, कमानी समोरासमोर येतायत का?

३. एक डोळा मिटून पाठीवरून टोकाकडे बघा, बंदुकीचा नेम धरतात तसं. वाक किंवा पीळ लगेच दिसतो.

४. मूठ कानाशी नेऊन जोरात हलवा. आतून टकटक आली तर शेपटी सैल आहे. मग पाठीवर लाकडी लाटण्याने हलकी टिचकी द्या. आवाज खणखणीत हवा, फुटक्या मडक्यासारखा नको.

५. कमान दोन बोटांनी पिळून पाहा. जराही हलता कामा नये. वेल्डिंगच्या जागी केसाएवढी भेग आहे का, ते टॉर्च मारून बघा.

६. कापसाचा बोळा सगळ्या कडांवरून फिरवा. जिथे कापूस अडकेल तिथे कुसळ आहे, पॉलिशपेपरने घासा.

७. पुठ्ठ्याच्या जोडीवर ठेवून माप जुळवा. पुठ्ठा अजून फेकला नव्हता ना?

तपासा: यातलं १, ४ किंवा ५ नापास झालं तर एकदाही फिरवू नका. फिरवल्याचा ओरखडा दिसला की बदलून मिळायची आशा संपते.

## टप्पा ९: पहिला महिना

पहिला आठवडा फक्त उलटापालट. गादीसमोर गुडघ्यावर बसून, एका वेळी एकच हात. डाव्याने सुरुवात करा. पातं पडेल, पडू द्या, झेलायला हात घालायचा नाही. बिनधारेचं असलं तरी ही सवय एकदा लागली की जात नाही. बूट घाला, चप्पल किंवा अनवाणी नको.

दुसऱ्या आठवड्यात उभं राहून, दोन्ही हात, पण आलटून-पालटून. दोन्ही एकदम तिसऱ्यात. मोकळी जागा मोजा: हात पसरून पात्यासकट गोल फिरा आणि त्यावर दोन पावलं वाढवा. फ्लॅटच्या हॉलमध्ये आधी पंख्याकडे बघा. आमच्यातल्या एकाने नवी जोडी आणि पंख्याचं पातं दोन्ही एकाच संध्याकाळी वाकवलं.

मुठीवर दोरा किंवा बॅडमिंटनच्या रॅकेटची ग्रिप गुंडाळायची असेल तर महिनाभराने गुंडाळा. आधी हाताला खरी जाडी कळू दे. ग्रिपने मूठ दोन-तीन मिलिमीटरने जाड होते आणि कमानीतली जागा तेवढी घटते. दोन मुठींना वेगळ्या रंगाची पट्टी लावा, म्हणजे रोज तीच डावी, तीच उजवी राहते. घासही नेमका कुठल्या पात्याला बसतोय ते कळतं.

सरावानंतर सुक्या फडक्याने पुसा, घाम पोलादाला एका रात्रीत डाग पाडतो. तेल शिलाई मशीनचं, दोन थेंब. खोबरेल नको, थंडीत थिजतं आणि चिकट होऊन धूळ धरतं. लाकडी जोडीला वर्षातून दोनदा जवसाचं तेल. कोकणात किंवा मुंबईत राहत असाल तर पावसाळ्याचे चार महिने पोलादी पाती चामड्याच्या म्यानात ठेवू नका. चामडं ओल धरून ठेवतं आणि बाहेरून काही दिसत नाही. सुती कापडात गुंडाळून, कुलपाच्या कपाटात, मुलांच्या हाताबाहेर ठेवा आणि दर पंधरा दिवसांनी उघडून मुठीच्या तोंडाशी, जिथे पातं आत शिरतं, तिथला गंज बघा. तो तिथूनच सुरू होतो.